हुंकाराची जागा

आमच्या घरात रेडिओ दोन होते. एक कपाटावर धूळ खात पडलेला, आणि दुसरा माझी धाकटी जाऊ. हे नाव तिला सासऱ्यांनी ठेवलं. मामंजींची नजर हळूहळू अधू होत शेवटी पार गेली, तेव्हा ती ह्या घरात नवी होती आणि मी जुनी. जेवणं आटोपली की मी ओट्याशी उभी राहायची आणि ती त्यांच्या खोलीत जायची. जायला जरा उशीर झाला की आतून हाक यायची, "काय गं रेडिओ, आज बंद का? लाव की!"

मग ती ओले हात पुसत पुसत पुस्तक उघडायची.

काय काय वाचलं असेल तिनं! पेपर, मासिकं, प्रवासवर्णनं, उशाला घेता येतील अशा जाड कादंबऱ्या, औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं. नवीन मिक्सर आणला तेव्हा त्याची वॉरंटीसुद्धा मामंजींनी वाचून घेतली. "वरील कोणत्याही नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही," हे ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हणजे अगदी आपल्या थोरल्यासारखी!" थोरला म्हणजे माझा नवरा. ह्यांची नोकरी फिरतीची, त्यामुळे घरात असं काही बोललं गेलं की ऐकायला ते नसायचेच. मीच ओट्यापाशी हसून घ्यायची.

तिचा आवाज काही गोड नव्हता. खालच्या पट्टीतला, जरासा घोगरा, नुकतंच झोपेतून उठून कुणी बोलावं तसा. शाळेत तिला कवितापाठात कधी उभं केलं नाही म्हणे. बाई म्हणायच्या, मागून मुलगाच बोलतोय असं वाटतं. पण त्या आवाजात एक होतं. तो घाई करत नसे. समोरच्याला हाताला धरून जिना उतरवावा, तसा उतरायचा.

आणि मामंजी ऐकायचेही तसेच. दोन-तीन वाक्यं झाली की "हं." मग पुढची दोन-तीन. मग परत "हं." त्या एका "हं"चे किती प्रकार होते म्हणून सांगू! खुशीचा वेगळा, शंकेचा वेगळा. पुढे काय होणार ते मला आधीच कळलंय, अशा ऐटीचा एक. डोळा लागला की "हं" बंद व्हायचा. ती पुस्तक हळूच मिटायला जायची, तोच आवाज यायचा, "मी जागा आहे! तो खून कुणी केला ते सांगितल्याशिवाय उठायचं नाही."

मामंजी गेले ते असेच, एका पुस्तकाच्या मध्यावर. त्रास काही नाही, सकाळी उठलेच नाहीत. देवानं त्यांना हळुवार नेलं. त्याबद्दल मी त्याला अजून दोष देत नाही.

पुस्तकात खूण म्हणून पायमशीनच्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा होता. त्यांनी जन्मभर शिलाई मशीन दुरुस्त केली. ते दुकान आता माझे दीर बघतात. खुणेसकट ते पुस्तक धाकटीनं फळीवर ठेवलं, आणि त्याच्याकडे पाठ करून बसायला लागली.

दुपारी तिला काही सुचत नसे. कपडे घडी करता करता मध्येच हात थांबायचा. कधी बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचताना तिचे ओठ हलायचे, आवाज मात्र निघायचा नाही. एकदा आमच्या जिन्यात पाणी बंद राहणार असल्याची सूचना लागली होती. शेजारच्या म्हातारबुवांनी चष्मा आणला नव्हता, म्हणून हिनं ती त्यांना वाचून दाखवली. नुसती पाण्याची सूचना हो! पण म्हातारबुवा म्हणाले, "पुन्हा एकदा वाचा बघू." आणि हिनंही काय, अगदी मन लावून पुन्हा वाचली. घरात आल्यावर मला म्हणाली, "ताई, कितीतरी दिवसांनी घसा मोकळा झाल्यासारखं वाटलं."

तेव्हा मीच तिला चौकातल्या चष्म्याच्या दुकानावर लागलेल्या एका वर्गाच्या पाटीची आठवण करून दिली. आवाजाचं प्रशिक्षण. जाहिराती, माहितीपट, बोलकी पुस्तकं.

"वेड लागलंय का? तिथं पोरंटोरं असतील."

"मग पोरंटोरं तुला खाणार आहेत का? चल, मी येते दारापर्यंत."

दारापर्यंत म्हणून गेले ती आत जाऊन मागच्या खुर्चीवर बसले. चार भिंतींना सतरंज्या ठोकलेली एक खोली. आत बोललं की आपलाच आवाज कानाशी येऊन पडायचा, जसं उशीत तोंड घालून बोलतोय. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, केस मुलासारखे कापलेले, पायात खेळाचे बूट. त्यांनी हिच्या हातात साबणाच्या जाहिरातीचा कागद दिला. हिनं वाचला. मॅडमनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पुन्हा." हिनं पुन्हा वाचला.

"तुमचा आवाज खडबडीत आहे," मॅडम म्हणाल्या.

हिचा चेहरा पडला.

"तसाच ठेवा. कुणी कितीही सांगितलं तरी त्याला साबण लावू नका."

मग घरात अभ्यास सुरू झाला. दातात पेन्सिल धरून वाचायचं, म्हणजे पेन्सिल काढल्यावर जीभ मोकळी चालते. पेटत्या मेणबत्तीसमोर प, फ, भ म्हणायचं आणि ज्योत हलू द्यायची नाही. दीर जेवताना म्हणाले, "वहिनी, हिचं चाललंय तरी काय? मी काही विचारलं की पेन्सिल चावत उत्तर देते. घरात नवऱ्याशी बोलते का सुताराशी, कळत नाही."

"सुतार असतात तर बरं झालं असतं," ती पेन्सिलीमागून म्हणाली, "मोरीचं दार तरी नीट लागलं असतं."

मॅडमनी सांगितलं होतं, हल्ली बरंच काम घरूनच करायचं असतं. त्यासाठी घरात आवाज न घुमणारी जागा शोधा. टाळी वाजवून बघा; टाळीचा आवाज परत आला नाही, ती तुमची जागा. दोन दिवस ही खोल्याखोल्यांतून टाळ्या वाजवत फिरत होती. शेजारीण दारात येऊन विचारून गेली, "भजन सुरू केलंत का?" ओट्यापाशी टाळी खणखणायची, मोरीत तर विचारूच नका. शेवटी तिनं मामंजींचं भिंतीतलं मोठं कपाट उघडलं. आत त्यांचे जाड लोकरीचे कोट ओळीनं टांगलेले. थंडीच्या आधी कुणा गरजूला देऊ म्हणत म्हणत राहिलेले. तिनं कोटांच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवली. कोटांनी ती गिळून टाकली. नावालाही परत आली नाही.

ती तिथेच जराशी उभी राहिली. मग आतूनच म्हणाली, "ताई, जागा सापडली."

दिरांनी जुन्या मशीनच्या दिव्याची वाकणारी दांडी काढून माइकला बसवली. मी माझ्या कशिद्याच्या रिंगला जुना पायमोजा ताणून दिला. तो माइकपुढे धरला की फुंकर अडते. स्टूल ठेवलं, कपाटाचं दार अर्धं उघडं, आणि झाला आमचा स्टुडिओ तयार.

तोपर्यंत आपल्या घरात इतके आवाज राहतात हे मला ठाऊकच नव्हतं. कबुतरं होती. वरच्या मजल्यावर खुर्ची ओढायची एक बाई होती. तिला मी दोनदा जाऊन विनवलं. तांदूळ निवडायला स्टीलच्या ताटाऐवजी मी चादर घेऊ लागले. आणि सगळ्यांत मोठा शत्रू फ्रिज. एरवी त्याची घरघर कानावर येत नाही, माइक मात्र ती टिपून टिपून घेतो. म्हणून वाचन सुरू करण्याआधी फ्रिज बंद करायचा. पहिल्याच दिवशी तो परत लावायला विसरलो. दूध नासलं, वर दीर म्हणाले, "कला जोपासायची म्हणजे त्याग आलाच, पण तो माझ्या चहाचा का?" त्यानंतर मी युक्ती काढली. फ्रिज बंद केला की माझा चष्मा आत ठेवायचा. चष्म्याशिवाय माझं पान हलत नाही. चष्मा घ्यायला गेलं की फ्रिजची आठवण होणारच. तेव्हापासून रोज दुपारी गारेगार चष्मा नाकावर.

असं सगळं रांगेला लागत होतं, आणि एक दिवस मॅडमनी वर्गात सांगितलं की एक संस्था आहे. ज्यांना दिसत नाही, जे अंथरुणाला खिळलेत, अशांसाठी ती पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. त्यांना कायमचा एक आवाज हवाय. वर्गातल्या प्रत्येकानं आवडीच्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचून द्यायचं. मॅडम आधी ऐकणार, पसंत पडेल तेच पुढे पाठवणार.

परतताना चौकात आम्ही थांबलो तेव्हा ही म्हणाली, "ताई, मला त्या साबणाच्या जाहिराती नाही मिळाल्या तरी चालतील. पण हे मला हवंय."

"का गं एवढं?"

"तिथं समोर कुणीतरी ऐकायला बसलेलं असतं," ती म्हणाली, आणि येणारी गाडी जायच्या आतच रस्ता ओलांडायला लागली. मी हाताला धरून मागे ओढली.

तिनं पहिलं प्रकरण वाचून दिलं. एका आजीबाईंच्या बागेची गोष्ट होती. मॅडमनी ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही थांबता का?"

"कुठे?"

"मध्येच. दोन-तीन वाक्यं झाली की थांबता. विरामाएवढं नाही, त्याहून जास्त. कुणीतरी काही बोलणार आहे असं वाटतं, आणि बोलत तर कुणीच नाही. ऐकणाऱ्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं. जाहिरात दोन ओळींची असते, म्हणून आजवर कळलं नाही."

"मी नाही थांबत," ही म्हणाली. पण मॅडमनी ऐकवलं तेव्हा तिला पटलं. थांबत होती खरी. का, ते मात्र तिला सांगता येईना.

मग तिनं कॉम्प्युटरवर बसून एकेक थांबणं कापून काढलं. उभा दिवस त्यात गेला. ऐकल्यावर दीर म्हणाले, "बागेत कुत्रं शिरलंय का? ही आजी पळतेय कुठे?" मॅडमचंही तेच म्हणणं पडलं. दुसऱ्या वेळी ती ठरवून न थांबता वाचायला गेली, तर आवाज सुकला. बातम्या देतेय असं वाटायला लागलं. "ह्यात तुम्ही कुठे आहात?" मॅडमनी विचारलं. "अजून एकदा बघा. तोवर बाकीच्यांची मी पाठवत नाही. पण शनिवारी पाठवावीच लागतील."

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. तिनं फोन ताटाशेजारी ठेवला आणि पहिलं वाचन लावलं. म्हणाली, "तुम्हीच सांगा, नेमकं काय चुकतंय. मला आता काही ऐकू येईनासं झालंय."

फोनमधून तिचा आवाज यायला लागला. आजीबाई बागेत येतात, पाणी घालतात, रोपट्याशी बोलतात. मग आवाज थांबला. दीर मान खाली घालून जेवत होते. घास तोंडात, लक्ष अर्धं ताटात. आणि त्या थांबलेल्या जागी ते सहज म्हणाले,

"हं."

अगदी तसाच. तीच पट्टी, तोच नाकातून निघालेला, शेवटी किंचित वर गेलेला. दिरांचा आवाज बापावर गेलाय हे आजवर कधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बोलताना तो वेगळा लागतो. फोनमधली बाई लगेच पुढे वाचू लागली, जणू त्याचीच वाट बघत होती. पुढच्या थांब्यालाही दीर म्हणाले, "हं." मग त्यांनी वर बघितलं. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत होतो.

"काय झालं?" ते म्हणाले. "मी काय केलं?"

धाकटी उठून आत गेली. फोन ताटाशेजारी वाचतच राहिला. त्याचं बटण मला सापडेना.

दुसऱ्या दिवशी ती कपाटापाशी फिरकलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आता नाही जमायचं. आधी नकळत थांबत होते तेच बरं होतं. आता वाचायला तोंड उघडलं की कळतं, इथे ते हं म्हणणार. आणि ते म्हणत नाहीत. दर दोन वाक्यांनी ते नव्यानं जातात, ताई."

मी माझं काम करत राहिले. मला शब्दांनी समजूत घालता येत नाही, सकाळी देवापुढे बसते तेव्हाही माझ्याजवळ फार शब्द नसतात. पण मनात एक गोष्ट बरेच दिवस होती, ती त्या दुपारी विचारून टाकली.

"तो माणूस नदी ओलांडतो का गं?"

"कोण माणूस?"

"त्या अर्ध्या पुस्तकातला. इतक्या वर्षांनी घरी निघालेला. नदीपर्यंत आला, नाव पलीकडच्या काठाला होती, म्हणून हा वाळूत बसून राहिला. तिथं खूण आहे. तेव्हापासून तो बिचारा तिथेच बसलाय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही ऐकत होता?"

"मग काय! कानांना झाकणं असतात का? भांडी घासताना सगळी पुस्तकं ऐकलीत मी. त्या खुनाच्या वेळी तर दोनदा नळ बंद करून उभी राहिले."

"कधी बोलला नाहीत."

"रेडिओ त्यांच्यासाठी लावलेला होता. मी आपली भिंतीपलीकडून फुकटात ऐकत होते. फुकट ऐकणाऱ्यानं मध्ये बोलायचं कशाला?"

तिला हसू आलं, पण ते तोंडभर पसरलं नाही. म्हणाली, "ते पुस्तक मी उघडू शकत नाही. आणि वाचलं तरी परत थांबेनच ना. उत्तर यायला हवं अशी सवयच लागलीय."

तेव्हा मी म्हटलं, "हे बघ. मी रोज सकाळी देवापुढे बसते. घरातलं बाहेरचं जमेल तसं सांगते. इतकी वर्षं झाली, तो एकदाही हं म्हणालेला नाही. म्हणून मी काय थांबून राहते?"

"पण तो ऐकतोय हे तुम्हाला कळतं कसं?"

"कळत नाही गं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू! "एक श्वास घेते आणि पुढचं सांगते. दुसऱ्या दिवशी परत बसते. एवढंच."

ती मामंजींच्या खोलीत गेली. जरा वेळानं फळीवरून पुस्तक काढल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी वर जाऊन खुर्ची ओढणाऱ्या बाईला सांगून आले. फ्रिज बंद केला, चष्मा आत ठेवला. ती कोटांच्या मध्ये स्टुलावर बसली. मला म्हणाली, "समोर बसाल? दारात, मला दिसेल असं."

"बसते. तोंड मात्र शिवून."

"तोंड शिवूनच बसा. माइक सगळं ऐकतो."

तिनं पुस्तक उघडलं. चामडी पट्ट्याचा तुकडा उचलला. तो कुठे ठेवावा ते तिला कळेना, शेवटी तिनं तो शेजारच्या कोटाच्या खिशात टाकला. मग वाचायला लागली.

नदी संध्याकाळची होती. माणूस वाळूत बसलेला, पलीकडे नावाडी दिवा लावत होता. तीन वाक्यं झाली, आणि ती जागा आली. तिची नजर पुस्तकावरून उठली. तिचा आवाज अडला असता, मला दिसत होतं. माझ्या घशाशी "हं" आला होता, अगदी दाताआडपर्यंत. मी तो गिळला आणि नुसती मान हलवली. तिनं श्वास घेतला. छातीभर, आवाज न करता, मॅडमनी मेणबत्तीसमोर शिकवला होता तसा. आणि पुढे गेली.

पुढच्या जागीही तसंच झालं. मी मान हलवायची, ती श्वास घ्यायची. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की ती आता वर बघतच नाहीये. जिथे जिथे तो "हं" असायचा तिथे तिथे एक श्वास होता, आणि तो श्वास वाचनातच मिसळून गेला होता. नाव अलीकडे आली. माणूस चढला. नावाड्यानं विचारलं, कुठे निघालात? तो म्हणाला, घरी. मग नावाडी काही बोलला नाही, नुसती वल्ही चालत राहिली. ते ती इतकं सावकाश वाचत होती की मला पाण्याचा आवाज आला. माझ्या नाकाडोळ्यांतून धार लागली होती, आणि माइकच्या भीतीनं नाक ओढायचीही सोय नव्हती. चष्मा नव्हता ते एक बरंच झालं.

प्रकरण संपलं. तिनं माइक बंद केला आणि तशीच बसून राहिली, खांद्यावर कोटाची एक बाही पडलेली.

शनिवारी मॅडमनी ते ऐकलं. ह्या वेळी त्या इतकंच म्हणाल्या, "समोर कुणीतरी होतं का?"

"होतं," ही म्हणाली.

"हं," मॅडम म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! ही मला नंतर हे सांगताना अर्धी हसत होती आणि अर्धी नाही.

संस्थेचं उत्तर यायला बरेच दिवस लागले. आवाज पसंत पडला होता. पहिलं पुस्तक म्हणून त्यांनी जे पाठवलं ते मधमाश्या पाळण्याविषयीचं. दीर म्हणाले, "हे ऐकणार कोण? माश्या?"

"असेल कुणीतरी," ती म्हणाली. "अंथरुणावर पडून माश्या पाळायची इच्छा असणारं."

आता रोज दुपारी ती कपाटात असते. दिरांनी कुठूनसे फोमचे जाड तुकडे आणले. म्हणाले, हे आत लावू, म्हणजे बाबांचे कोट कुणाला तरी देता येतील. तिनं फोम कपाटाच्या छताला लावला, दाराला लावला. कोट तसेच राहू दिले. "ते काढले तर आवाज घुमेल," एवढंच म्हणाली. दिरांनी टाळी वाजवून खात्री करून बघितली नाही. मीही नाही.

माझी आता समोर बसायची गरज उरलेली नाही. मी चादरीवर लसूण सोलत बाहेर असते आणि मधमाश्यांची राणी कशी ओळखावी ते ऐकते. तिच्या वाचनात आता कुठे खंड पडत नाही. पण मला तिचे श्वास मोजल्यासारखे कळतात. प्रत्येक वेळी वाटतं, इथे.

काम आटोपलं की ती कपाटाबाहेर येते, मामंजींच्या खाटेवर बसते आणि ते अर्धं राहिलेलं पुस्तक उघडते. हे माझ्यासाठी. इथे माइक नसतो. नदी केव्हाच मागे पडली, तो माणूस आता आपल्या गावच्या रस्त्यानं चालतोय. पानं थोडीच उरलीत, म्हणून ती रोज अगदी जरासंच वाचते. मीही जास्त मागत नाही.

काल ती दोन-तीन वाक्यं वाचून थांबली. सवयीनंच. वर बघितलंही नाही. मी फ्रिजमधून काढलेला गार चष्मा पुसत होते.

"हं," मी म्हटलं.

मला काही त्यांच्यासारखा जमला नाही. फारच लहान झाला, आणि उशिरा आला. तिनं पान उलटलं आणि पुढे वाचू लागली.